कोलम टोबीन हा आयरिश लेखक कोण? पत्रकारिता केल्याने कादंबरीकाराचा हात बिघडतो हे खरं का?

प्रश्नाचा दुसरा भाग वाचला आणि लगेच उत्तर लिहायला बसलो. मी आठ वर्षं एका जिल्हा दैनिकात बातमीदार होतो आणि 'बातम्या लिहून लिहून हात मरेल तुझा, गोष्ट सुचणार नाही' हे इतक्या जणांनी ऐकवलंय की मधे काही काळ मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. टोबीन वाचला आणि ती भीती गेली.

टोबीनचा जन्म १९५५ चा. आयर्लंडच्या आग्नेयेला वेक्सफर्ड काउंटीत स्लेनी नदीकाठी एनिस्कॉर्थी म्हणून छोटं गाव आहे, तिथला तो. आजोबा ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६ च्या उठावातले, ब्रिटिशांनी त्यांना वेल्समधल्या छावणीत डांबलं होतं. वडील शिक्षक. कोलम लहान असताना वडील खूप आजारी पडले, आई त्यांच्यासोबत डब्लिनला हॉस्पिटलात आणि हा व धाकटा भाऊ काही महिने नातेवाइकांकडे, तेव्हापासून तो बोलताना अडखळायला लागला. १९६७ मध्ये वडील गेले, हा १२ वर्षांचा होता, आणि घरात त्याविषयी कुणी बोलायचंच नाही. त्याच्या पुस्तकांत माणसं महत्त्वाचं तेवढं सोडून बाकी सगळं बोलतात, ते या घरातून आलंय असं मला वाटतं.

डब्लिनला कॉलेज झाल्यावर १९७५ मध्ये तो बार्सिलोनाला गेला, आणि थोड्याच दिवसांत स्पेनचा हुकूमशहा फ्रँको वारला. म्हणजे विशीतल्या पोराला एक अख्खा देश भीतीतून बाहेर पडताना बघायला मिळाला. तीन वर्षांनी परत येऊन डब्लिनच्या मासिकांत लिहायला लागला आणि १९८२ मध्ये 'मॅगिल' या राजकीय मासिकाचा संपादक झाला, वय फक्त २७. तिथे त्याने आयर्लंडच्या सुप्रीम कोर्टावर मोठा लेख लिहिला, न्यायाधीश कोण, विचार कसा करतात असा, आणि पुढे १९९२ ची 'द हेदर ब्लेझिंग' ही कादंबरी एका न्यायाधीशावरच आहे. आपण वार्तांकनाला जातो, बातमी छापून येते, पण माणूस डोक्यात राहतो ना, तसं.

संपादकपद सोडल्यावर तो दक्षिण अमेरिकेत फिरला. १९८५ ला अर्जेंटिनात लष्करी राजवटीच्या जनरलांवर खटला चालू होता, तिथे कोर्टात बसून त्याने छळाच्या साक्षी ऐकल्या, पुढे १९९६ मध्ये 'द स्टोरी ऑफ द नाइट' आली ती त्याच देशात घडते. १९८६ च्या उन्हाळ्यात तर तो आयर्लंड आणि ब्रिटनच्या ताब्यातलं उत्तर आयर्लंड यांच्यामधली सीमा चक्क पायी चालत गेला, डेरीपासून न्यूरीपर्यंत. ब्रिटिश सैन्याने सीमेवरचे कितीतरी छोटे रस्ते खणून, उडवून बंद केले होते, गावागावात खून झालेले, आणि हा दारोदार जाऊन दोन्ही बाजूच्या घरांत बसून ऐकतोय. त्यावरचं पुस्तक बातमीदारी करणाऱ्या प्रत्येकाने वाचावं, कारण त्यात तो निकाल देत बसत नाही, समोरच्याला बोलू देतो.

आणि हेच कादंबऱ्यांत उतरलंय. साधी छोटी वाक्यं, विशेषणं जवळजवळ नाहीत, रडारड नाही. 'ब्रुकलिन' (२००९) मध्ये १९५० च्या दशकातली आयलिश नावाची मुलगी एनिस्कॉर्थीहून अमेरिकेला जाते, दुकानात नोकरी करते, आणि घरची पत्रं आल्यावर तिला जी घराची आठवण येते ती पानं मी नोकरीसाठी पहिल्यांदा घर सोडलं तेव्हा वाचायला हवी होती. पुस्तकाला कोस्टा पुरस्कार मिळाला, २०१५ ला सिनेमाही आला. 'द मास्टर' (२००४) हेन्री जेम्स या लेखकावर आहे, 'द मॅजिशियन' (२०२१) थॉमस मान या जर्मन लेखकावर. बुकरच्या अंतिम यादीत तो तीनदा होता. टोबीन स्वतः समलिंगी आहे आणि आयर्लंडमध्ये १९९३ पर्यंत पुरुषांमधले समलिंगी संबंध हा कायद्याने गुन्हा होता, हे लक्षात ठेवून 'द ब्लॅकवॉटर लाइटशिप' (१९९९) वाचा, एड्स झालेला मुलगा आजीच्या समुद्राकाठच्या घरी येतो आणि आजी, आई, बहीण या एकमेकींशी न बोलणाऱ्या तिघींना एका छपराखाली राहावं लागतं. मला ती सगळ्यात जास्त लागली.

सुरुवात मात्र 'ब्रुकलिन'पासून करा, इंग्रजी अजिबात अवघड नाही. मग 'नोरा वेब्स्टर' (२०१४). ही त्याच्या आईच्या दुःखाच्या फार जवळची, लिहायला दहा वर्षांहून जास्त लागली त्याला. नवरा गेलाय, रोज संध्याकाळी माणसं भेटायला येतायत आणि नोराला आता ते सहन होत नाहीये, अशी सुरुवात आहे. त्या भेटायला येणाऱ्यांत मे लेसी म्हणून एक बाई आहे, अमेरिकेला गेलेल्या आपल्या मुलीविषयी बोलते. ती आयलिशची आई. लहानपणी वडील गेल्यावर टोबीनच्या घरी खरोखरच अशी एक बाई आली होती आणि ब्रुकलिनला गेलेल्या मुलीविषयी बोलत बसली होती, हा १२ वर्षांचा पोरगा तिथेच बसून ऐकत होता.