वाचकांचे प्रश्न : शिवरात्रीची सुट्टी आणि घराजवळची बाग

प्रश्न : महाशिवरात्रीला रविवार जोडून आल्याने मुलांना सलग काही दिवस सुट्टी मिळणार आहे. मुलगी दुसरीत आणि मुलगा सातवीत असून मार्चमध्ये दोघांच्याही वार्षिक परीक्षा असल्याने लांबचा प्रवास करता येणार नाही. बागेत नेले की मुलगी घसरगुंडीवरून हलत नाही आणि मुलगा अर्ध्या तासात मोबाइल मागतो. हे दिवस घराबाहेर कसे घालवावेत?
— एक गृहिणी, शहापूर, बेळगाव

उत्तर : आपण बागेत कोणत्या वेळी जाता हे पत्रात लिहिलेले नाही, पण ती वेळ संध्याकाळची असावी असा माझा अंदाज आहे. सुट्टीच्या संध्याकाळी शिवाजी उद्यान काय किंवा संभाजी उद्यान काय, झोपाळ्यासमोर रांग असते आणि मुलांचे लक्ष बाहेरच्या गाड्यांकडे लागलेले असते. त्याऐवजी सकाळी सातला निघून साडेनऊपर्यंत परतावे. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्याने फेब्रुवारीच्या अखेरीसही पहाटे स्वेटर लागतो, आणि त्याच दिवशी दुपारी पारा तिशी ओलांडतो. पक्ष्यांची लगबगही सकाळीच असते, आणि घरी परतल्यावर अभ्यासाला उरलेला दिवस मोकळा राहतो.

दुसरी गोष्ट म्हणजे मुलांच्या हाताला काम द्यावे. टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोच्या परिसरात जुनी, मोठी झाडे आहेत. तेथे मुलाला सुतळी आणि टेप देऊन जमिनीपासून साडेचार फुटांवर पाच झाडांच्या खोडांचा घेर मोजायला सांगावा. त्या घेराला ३.१४ ने भागले की खोडाचा व्यास मिळतो. परिघाचे गणित वहीत सोडवताना कंटाळणारा मुलगा वडाला मिठी मारून तेच गणित आनंदाने करतो, हा माझ्या घरचा अनुभव आहे. मुलीने खाली पडलेली पाने, शेंगा आणि फुले वेचावीत, मात्र झाडावरचे काहीही तोडू नये.

या वेचलेल्या वस्तूंतून आपल्या भागात आणखी एक खेळ सहज जमतो. प्रत्येक झाडाचे नाव मराठीत आणि कन्नडमध्ये सांगायचे : वड म्हणजे आल, चिंच म्हणजे हुणसे, कडुनिंब म्हणजे बेवु, पळस म्हणजे मुत्तुग. मराठी माध्यमातील मुलांना बागेतील पाट्या वाचण्याचा सराव यातून होतो, आणि शेजारी फिरायला आलेल्या कन्नड आजोबांना एखादे नाव विचारले तर ते दोन नावे जास्तीची सांगतात.

पळस आणि पांगारा सध्या फुलत आहेत. कोरड्या हवेत पाणी वाचवण्यासाठी पळस पाने गाळतो आणि निष्पर्ण फांद्यांवरची केशरी फुले पक्ष्यांना लांबूनही दिसतात. मध प्यायला आलेले शिंजीर, बुलबुल, साळुंक्या यांच्या अंगाला परागकण चिकटून दुसऱ्या फुलापर्यंत पोहोचतात. फुललेला पळस सापडला तर त्याखाली पंधरा मिनिटे न बोलता बसून कोणकोण येऊन गेले हे मुलांना लिहू द्यावे. खाली पडलेली मूठ-दोन मूठ फुले घरी नेऊन रात्रभर पाण्यात भिजवली आणि सकाळी ते पाणी कोमट केले की रंगांच्या दिवसासाठी पिवळसर केशरी रंग तयार होतो.

रविवारी वडील सोबत असतील तेव्हा लगोरी किंवा लंगडी खेळावी, आणि एखादी सकाळ किल्ल्यातील कमल बस्तीसाठी ठेवावी. सन १२०४ मधील त्या जैन मंदिराच्या छतातील दगडी कमळ मुलांनी मान वर करून निवांत पाहावे. खाण्याचे म्हणाल तर आईनेच पहाटे चारला उठून डबा भरावा ही रीत मला मान्य नाही. आदल्या रात्री सर्वांनी मिळून केलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पुरेशी होते.

प्रश्न : आम्ही दोन कुटुंबे मुलांसह जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला रानात एक दिवस जाणार आहोत. चूल मांडून जेवण करण्याचा विचार आहे. काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : चुलीचा विचार सोडून द्यावा. या दिवसांत पाचोळा इतका वाळलेला असतो की एका ठिणगीने वणवा पेटतो, आणि धुरामुळे झाडावरचे आग्यामोहोळ उठले तर लहान मुलांना घेऊन पळणेही अवघड होते. अंगाला अत्तर लावून जाणेही याच कारणासाठी टाळावे.

दुसरी काळजी गोचिडांची आहे. माकडताप म्हणून ओळखला जाणारा आजार १९५७ मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला. पुढे गोवा आणि सिंधुदुर्गातही त्याचे रुग्ण आढळले. तो गोचिडीच्या चाव्यातून होतो, आणि साधारण नोव्हेंबर ते मे या काळात तिच्या बारीक पिल्लांचा सुळसुळाट असल्याने धोका अधिक असतो. म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, पायजम्याची टोके मोज्यांत खोचावीत, पाचोळ्यावर थेट बसू नये आणि मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता वन खात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवावे. घरी आल्यावर सर्वांनी गरम पाण्याने आंघोळ करावी आणि मुलांचे कान, काखा, गुडघ्यांच्या मागची बाजू तपासावी. पुढच्या आठवडा-दीड आठवड्यात कोणाला ताप आला तर रानात गेल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

त्याच बाजूचे भीमगड हे २०११ पासून वन्यजीव अभयारण्य आहे, त्यामुळे वन खात्याच्या परवानगीशिवाय आत शिरू नये. कणकुंबीत मलप्रभेचा उगम आहे. एवढ्या मोठ्या नदीची सुरुवात पाहून मुले चकित होतात, आणि त्यासाठी दाट रानात शिरावेही लागत नाही.

प्रश्न : याच सुट्टीत मुलांना गोकाकचा धबधबा दाखवावा का?
— एक आजोबा, निपाणी

उत्तर : या दिवसांत बहुतेक कोरडा कडाच दिसेल. घटप्रभेची सुमारे ५२ मीटरची उडी पाहायची असेल तर पावसाळ्यात, जुलैनंतर जावे आणि नातवंडांचा हात धरून कड्यापासून लांब उभे राहावे.