एचपीव्ही पॉझिटिव्ह आल्यानंतर

प्रश्न : माझे वय ४१ आहे. तपासणी शिबिरात माझा एचपीव्हीचा अहवाल पॉझिटिव्ह आला. त्रास काहीच नाही. हा कर्करोगच आहे का? यावरून घरात संशयाचे बोलणे सुरू झाले आहे. माझ्या १३ वर्षांच्या मुलीला लस द्यावी का?
– एक वाचक, लातूर जिल्हा

उत्तर : ताई, हा अहवाल कर्करोगाचा नाही. एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस) हा लैंगिक संबंधातून पसरणारा अतिशय सर्रास आढळणारा विषाणू असून बहुतेक स्त्रियांचे शरीर तो एक-दोन वर्षांत स्वतःच नाहीसा करते. गर्भाशयमुखाच्या, म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाच्या, कर्करोगाच्या दृष्टीने धोका असतो तो वर्षानुवर्षे टिकून राहिलेल्या संसर्गाचा, विशेषतः १६ आणि १८ या प्रकारांचा, कारण त्यांची प्रथिने पेशींच्या वाढीला लगाम घालणारी यंत्रणा निकामी करतात. तरीही प्रतिकारशक्ती चांगली असल्यास संसर्गापासून कर्करोगापर्यंतच्या वाटचालीला साधारण १५ ते २० वर्षे लागतात, आणि हाच काळ उपचारासाठी आपल्या हाती असतो.

संसर्ग नेमका केव्हा आणि कोणाकडून झाला हे कोणतीही चाचणी सांगू शकत नाही. तो अनेक वर्षे सुप्त राहिलेला असू शकतो. म्हणून या अहवालाच्या आधारे आपल्यावर किंवा पतींवर आरोप करणे हा निव्वळ अन्याय आहे, हे घरच्यांना अवश्य सांगा.

आता स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन कोल्पोस्कोपी (भिंगाच्या यंत्रातून गर्भाशयमुखाची पाहणी) किंवा ते सुचवतील ती पुढील तपासणी करून घ्या. पेशींत बदल आढळलेच, तर तेवढा भाग काढून किंवा नष्ट करून कर्करोग टाळता येतो. बहुधा गर्भपिशवी काढावी लागत नाही. आपल्या शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या सहभागाने सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, एकदाच एचपीव्ही चाचणी आणि गरजेनुसार उपचार झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. मराठवाड्यातील खेड्यांत सिद्ध झालेली ही गोष्ट प्रत्येक घरात पोहोचायला हवी, असे मला मनापासून वाटते.

मुलीला लस अवश्य द्या. ९ ते १४ हे वय त्यासाठी सर्वांत योग्य असून पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लसही उपलब्ध आहे. मात्र लस घेतली तरी तिशीनंतरची तपासणी तिलाही चुकवता येणार नाही. आणि संबंधानंतर किंवा पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झाला, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना भेटा.