तेंगवारमध्ये अमोलचं ‘मलो’ का होतं?

प्रश्न: ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक टॉल्किन यांनी रचलेल्या तेंगवार लिपीत भेटकार्डावर ‘अमोल’ लिहायचं आहे. दोन संकेतस्थळांनी दोन रूपं दिली, एकात तीन अक्षरं, दुसऱ्यात दोनच. बरोबर कोणतं?

उत्तर: दोन्ही. टॉल्किन यांच्या कथाविश्वात क्वेन्या आणि सिंदारिन या एल्फांच्या भाषा आणि मॉर्डोर या दुष्ट राज्याची काळी भाषा याच लिपीत लिहितात, पण प्रत्येकीची रीत वेगळी. स्वरचिन्ह व्यंजनाच्या डोक्यावर बसतं. क्वेन्यातले बरेच शब्द स्वरान्त, म्हणून तिथे ते आधीच्या व्यंजनावर. सिंदारिनमधले बरेच व्यंजनान्त, म्हणून तिथे नंतरच्या.

क्वेन्या रीतीत सुरुवातीच्या ‘अ’ला आधीचं व्यंजनच नाही. त्यासाठी एक आखूड उभी रेघ घेऊन तिच्यावर तीन टिंबं द्यायची. मग ‘म’वर ‘ओ’चा आकडा (हुकासारखी वळलेली खूण) आणि शेवटी मोकळा ‘ल’. सिंदारिन रीतीत ‘म’वर तीन टिंबं, ‘ल’वर आकडा, की झालं. पण हीच दोन अक्षरं क्वेन्या जाणणाऱ्याने वाचली तर ‘मलो’! व्यंजनान्त नावांना सिंदारिन घ्या, ‘मीरा’सारख्यांना क्वेन्या, आणि एकदा धरलेली रीत कार्डभर सोडू नका.

‘ओ’चा आकडा उजवीकडे उघडा ठेवा, ‘उ’चा डावीकडे. कथेतल्या अंगठीवर काळ्या भाषेत कोरलेल्या लेखाची नक्कल मात्र करू नका. काळ्या भाषेत ‘ओ’ क्वचितच येतो, म्हणून तिथे उजवा आकडा ‘उ’साठी वापरलाय. त्या हिशेबाने अमोलचा अमूल होईल.

प्रश्न: ‘नंदा’ लिहिलं तर एक ओळखीचा म्हणतो ‘नदा’ झालंय. न् राहिला का?

उत्तर: नाही. मुख्य 24 अक्षरं दांडी आणि पोट यांतून बनतात, मांडणी आपल्या वर्गांच्या वळणाची. ‘त’चं पोट दुहेरी केलं की सिंदारिनमध्ये ‘द’ होतो. क्वेन्यात सुटा ‘द’ नाही, म्हणून तेच अक्षर तिथे ‘न्द’. क्वेन्यात तुमचं बरोबरच आहे. सिंदारिनमध्ये त्या अक्षरावर आडवी रेघ द्या, म्हणजे आधी अनुनासिक आहे हे कळतं. ट, ण, ळ यांना स्वतंत्र अक्षरं नाहीत, त, न, ल यांवर भागवा.

प्रश्न: संगणकावर छान दिसतं, मोबाइलवर पाठवलं की इंग्रजी अक्षरं आणि आकडे उमटतात. टिंबंही बाजूला सरकतात.

उत्तर: तेंगवार अजून युनिकोडमध्ये नाही. डॅन स्मिथ यांच्या मांडणीचे फाँट कळफलकाच्या नेहमीच्या चिन्हांवरच अक्षरं बसवतात: ‘म’ टी या कळीवर, ‘ल’ जे या कळीवर. समोरच्याकडे फाँट नसेल तर मूळ चिन्हंच दिसणार. चित्र करून किंवा फाँट अंतर्भूत केलेली पीडीएफ पाठवा. अक्षरांची रुंदी कमीजास्त असते, म्हणून प्रत्येक स्वरचिन्ह चार जागी दिलंय. ‘अ’ची टिंबं शिफ्ट धरून 3, ई, डी, सी या कळींवर मिळतात. चारही लावून पाहा, मधोमध बसेल ते ठेवा.