तलवारवाली पोरगी सिनेमातलीच का?

प्रश्न : ताई, मी बारावीला आहे. आमच्या गावात एसटी दिवसातून दोनदाच येते, म्हणून टाईम भरपूर, तर इंग्लंडच्या आर्थर राजाच्या दंतकथेवरून एक फँटसी लिहून राहिली. हिरोईन पंधरा वर्षांची, मुलगा बनून राहते अन् तलवार चालवते. मामा म्हणते, त्या गोष्टीत बाया म्हणजे राण्या नाहीतर चेटकिणी, हे तुह्यं सिनेमाचं खूळ आहे. चुकली का जी मी?
– एक वाचक, ता. दारव्हा

उत्तर : चुकली कशाची माय! तेराव्या शतकातली एक फ्रेंच पद्यकथा आहे, तिची नायिका सिलेन्स, म्हणजे चक्क 'मौन'. दोन जुळ्या बहिणींच्या जमिनीवरून त्यांचे नवरे लढून मेले, तर इंग्लंडच्या राजानं काय करावं, पोरींचा वारसाच बंद केला! भांडले जावई अन् हिस्सा गेला लेकींचा. मग कॉर्नवॉलच्या सरदाराला मुलगी झाली तर आईबापानं ती मुलगा म्हणूनच वाढवली, पुढं ती भाटांसंगं पळून गेली, वाजवायला शिकली, मोठी योद्धा झाली. राणीनं तिच्यावर खोटा आळ घेतला अन् शेवटी तिला मर्लिन जादूगाराला धरायला जंगलात धाडलं, कारण तो फक्त बाईच्याच युक्तीनं सापडणार होता. तिनं मांस भाजलं, वासावर आला बिचारा! आर्थर स्वतः यात नाही, पण मर्लिन त्याचाच नं.

ही पोथी १९११ मध्ये नॉटिंगहॅमच्या वोलाटन हॉलमध्ये सापडली, 'जुने कागद, किंमत नाही' लिहिलेल्या पेटीत. मामाला हेच सांग. अन् १४८५ साली छापलेल्या, आर्थरच्या कथा सांगणाऱ्या मॅलरीच्या ग्रंथातली लिनेटही सांग, राणी नसलेली, बहिणीला सोडवायला मदत मागत दरबारात आलेली, अन् सोबत दिलेल्या पोराला रस्ताभर 'तुझ्या अंगाला स्वयंपाकघराचा वास येतो' म्हणून टोमणे मारणारी.

आता तुझ्या गोष्टीचं. मला वाटते, तलवारीपेक्षा वावराचं भांडण आधी आण. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत लेकीचा हिस्सा बरोबरीचा झाला, तरी रक्षाबंधन झालं की हक्कसोडवर सही मागणारे भाऊ तू पाह्यले असतीलच, ते तुला दुसऱ्या कोणत्या ग्रंथात सापडणार नाहीत. शेवट मात्र सिलेन्सचा घेऊ नको. तिथं पोरींना वारसा परत मिळते खरा, पण तिचं लग्न त्याच राजाशी लावून देतात, ज्यानं तो काढून घेतला होता. मला तर अजून राग येते.