नव्या ऑर्किडसाठी दोन वर्षांची मुदत

आपले पत्र मी दोनदा वाचले. डोंगराळ जंगलांतील ऑर्किडचा अभ्यास करण्याची मुलीची इच्छा, तिचे गुण, वैद्यकीय प्रवेश परीक्षा हे सारे त्यात आहे; मला मात्र खटकले ते एक वाक्य : ‘दोन वर्षांत तिने नवी जाती शोधून दाखवावी, नाहीतर हा नाद सोडावा.’ ही सवलत नव्हे. मनात आधीच ठरलेल्या नकाराला आपण दिलेली तारीख आहे. डॉक्टर होण्याचा आग्रह उघडपणे धरला असता, तर तिला निदान वाद तरी घालता आला असता.

अनोळखी फूल दिसले की शोध लागला, अशी आपली समजूत दिसते. प्रत्यक्षात जंगलात केवळ शंका जन्माला येते. ऑर्किडच्या सुमारे २८,००० जाती ज्ञात आहेत आणि एकाच जातीची फुलेही रंगाआकारात बदलतात. म्हणून फूल अल्कोहोलमध्ये जपायचे, कारण दाबून वाळवले की ओठासारख्या पाकळीची ठेवण बिघडते. सूक्ष्मदर्शकाखाली परागपुंज, म्हणजे परागकणांचे चिकटलेले गोळे, तपासायचे. आणि मग जवळच्या प्रत्येक जातीचे मूळ वर्णन व हर्बेरियममधील (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातील) टाइप नमुने, म्हणजे ज्यांच्यावरून त्या जातीचे नाव ठरले ते मूळ नमुने, यांच्याशी ते ताडून पाहायचे. कुणीतरी शतकापूर्वीच दिलेले नाव इथे सापडते आणि ‘नवी’ जाती जुनी ठरते; उलट, कपाटात चुकीच्या नावाने अनेक दशके पडून असलेला नमुनाच कधी नवा निघतो. त्यानंतर लॅटिन किंवा, २०१२पासून चालते म्हणून, इंग्रजीत वर्णन लिहून रीतसर प्रसिद्ध करायचे. एका हंगामात फूल हुकले की वर्ष गेले.

आणि नव्या जातीला आपले आडनाव मिळावे, या आपल्या इच्छेविषयी : स्वतः वर्णिलेल्या जातीला स्वतःचेच नाव देण्यास नियमांत बंदी नाही, पण अभ्यासक त्याला असभ्यपणा समजतात.

तिने डोंगरातून रोप उपटून कुंडीत लावल्याचे आपण कौतुकाने लिहिले आहे. त्या कौतुकात मी सहभागी होऊ शकत नाही. पेरूच्या डोंगराळ जंगलातील फ्रॅग्मिपेडियम कोवाची ही जाती २००२मध्ये परवान्याविना अमेरिकेत नेऊन तिथे वर्णिली गेली. नाव टिकले, पण रोप नेणारा आणि वर्णन प्रसिद्ध करणारी उद्यानसंस्था, दोघेही न्यायालयात दोषी ठरले. परवानगी घेणे हा या कामाचा पहिला धडा आहे.

वनस्पतिशास्त्राची पदवी, पदव्युत्तर शिक्षण, मग वर्गीकरणशास्त्रात पीएच.डी. हा सरळ मार्ग. जागा थोड्या आहेत, हे मी लपवत नाही.

आपल्या चार पानांत मुलीचे स्वतःचे एकही वाक्य नाही. पुढचे पत्र तिला लिहू द्यावे, आणि पाठवण्यापूर्वी ते आपण वाचू नये.