दांडियाबाजारचं घर सोडून वन बीएचकेत जातोय, आजेसासूबाईंचा मोठा चायना सेट कसा विकू?

ताई, आधी प्लेट उलटी करून खालचा शिक्का बघा, कारण घेणारा पहिल्यांदा तेच विचारणार. नोरिताके, वेजवुड अशा नावाजलेल्या कंपनीचं नाव असलं तर बरं. 'निप्पॉन' (म्हणजे जपान) असेल तर बहुतेक १९२१ च्या आधीचा, 'मेड इन ऑक्युपाइड जपान' असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतरचा, १९५२ पर्यंतचा. मग प्रत्येक पीसला बोटाने हलकेच टिचकी मारा, आवाज खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर कुठेतरी बारीक तडा आहे, तो फोटोत स्पष्ट दाखवा. सोनेरी काठ स्क्रबरने अजिबात घासू नका, रंग निघाला की भाव पडलाच.

भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नका हो, जीव तुटतो असं काही ऐकलं की! शिक्क्याचा, पूर्ण सेटचा फोटो काढून ओएलएक्सवर टाका, बडोद्यातलाच, घरी येऊन नेणारा बघा, कुरिअरमध्ये फार फुटतं. टीपॉट किंवा झाकणवाला बाउल एकटा मागितला तर देऊ नका, तो गेला की उरलेल्या सेटला कोणी विचारत नाही. शंभर वर्षांहून जुना असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे परदेशात विकता येत नाही, एवढं लक्षात ठेवा. आणि सहा कप-बशा मात्र आधीच बाजूला काढा, घरच्यांसाठी.