मे महिन्यात सोलापूरहून रिव्हर राफ्टिंगला जायचंय, नदी आणि हवामान बघून तारीख कशी ठरवावी?

तुम्ही लिहिलंय की पाचजण आहात, पोहायला एकालाच येतं, सुट्टी मे महिन्यात आहे आणि कोलाड, दांडेली की ऋषिकेश यावर घोडं अडलंय. मोबाईलवर तिन्हीकडे निरभ्र दिसतंय, मग कुठेही गेलं तर चालेल का, असा तुमचा प्रश्न. निरभ्र आकाशावरून राफ्टिंगबद्दल जवळपास काहीच कळत नाही. बघायचं ते हे की नदीत पाणी किती आहे, ते कुठून येतंय आणि कोणाच्या हातात आहे.

सोलापूरच्या माणसाला खरं तर हे वेगळं शिकवायला नको. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे लख्ख ऊन असतं आणि पंढरपुरात पुंडलिकाच्या मंदिराला पाणी लागलेलं असतं, कारण पाऊस पडला तो पुण्याच्या घाटमाथ्यावर आणि उजनी-वीर धरणांतून विसर्ग वाढवला. उन्हाळ्यात ढगाचा ठिपका नसताना भीमेला पाणी येतं आणि औजचा बंधारा भरतो, कारण शहराच्या पिण्यासाठी उजनीतून पाणी सोडलं. पेपरात 'दौंडचा विसर्ग इतके क्युसेक' आणि 'उजनी उणे इतके टक्के' वाचायची आपल्याला सवय आहे. राफ्टिंगची नदीही अशीच वाचायची. उन्हाळ्यात आपल्या देशात राफ्टिंगलायक पाणी मुख्यतः दोनच वाटांनी येतं. एक धरणातून, वीज तयार झाल्यावर सोडलेलं आणि दुसरं हिमालयातल्या बर्फाचं.

कोलाड पहिल्या प्रकारातलं. तिथली कुंडलिका मे महिन्यात स्वतःच्या बळावर राफ्ट तरंगवू शकत नाही. मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून शेकडो मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात जातं, तिथे जनित्रं फिरवतं आणि मग कुंडलिकेत येतं. ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह उभा केला, तेच हे धरण. आता जरा आपल्या जिव्हाळ्याचं: हे पाणी वळवलं नसतं तर मुळा, मुळा-मुठा, भीमा असं करत उजनीत आलं असतं. म्हणजे कोलाडला तुम्ही ज्या लाटांवर ओरडणार, त्या मूळच्या आपल्याच खोऱ्यातल्या, रेवदंड्याला समुद्रात निघालेल्या. असो, तो वाद इथे नको.

तुमच्या कामाचं एवढंच की कोलाडचं वेळापत्रक विजेचं आहे. साधारणपणे सकाळी पाणी सोडतात, ते खाली पोचलं की राफ्ट निघतात आणि पाणी ओसरायच्या आत बारा-चौदा किलोमीटर उरकावे लागतात. वीजघर कधी, किती चालवायचं हे त्या दिवसाची विजेची मागणी आणि धरणातला साठा यावर ठरतं, आणि मे अखेरीस साठा हात राखून वापरतात. त्यामुळे 'वर्षभर राफ्टिंग' ही जाहिरात खरी असली तरी 'तुमच्या दिवशी राफ्टिंग' ही वेगळी गोष्ट आहे. आदल्या संध्याकाळी फोन करून 'उद्या पाणी किती वाजता येणार, आज किती वाजता आलं होतं' असं विचारा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर चटकन आलं नाही तर पहिल्याचं उत्तर अंदाजपंचे समजा. आणि सोलापूरहून पहाटे निघून त्याच दिवशी पाणी गाठायचा विचार सोडा. आदल्या दिवशी पुणे, ताम्हिणी घाटमार्गे कोलाडला मुक्कामी पोचा. वाटेत रस्ता मुळशी जलाशयाच्या कडेने जातो. काठ किती उघडा पडलाय हे गाडीतूनच दिसतं, तोही एक अंदाजच.

दांडेलीला काळी नदी. तीही धरणावर चालणारी, पण वरचं सुपा धरण आपल्या उजनीपेक्षाही मोठं आहे. उजनीच्या ११७ टीएमसीतले ६३ टीएमसी तर मृतसाठाच, म्हणून उन्हाळ्यात आपण लगेच उण्यात जातो. सुप्याच्या पायथ्याच्या वीजघरातून सुटलेलं पाणी गणेशगुडीजवळ नदीला मिळतं आणि मे महिन्यातही राफ्टिंगला सहसा पुरतं. लाटा मध्यम, भोवती दाट जंगल, पाणी अंगाला सोसेल असं. नवख्या मंडळींना मी आधी हेच सुचवतो. फक्त बुकिंग करताना अंतर विचारा. पाटीवर 'राफ्टिंग' लिहून संथ पाण्यात एखादा किलोमीटर फिरवून आणणारेही तिथे आहेत, आणि नऊ-दहा किलोमीटरचा खरा टप्पाही आहे. भावातला फरक बहुतेकदा तिथूनच येतो. जायला गोलगुंबज एक्स्प्रेसने विजापूर, गदगवरून हुबळी आणि पुढे रस्त्याने.

आता ऋषिकेश. इथे गोष्ट गुंतागुंतीची आहे आणि मजाही इथेच जास्त. देवप्रयागला भागीरथी आणि अलकनंदा मिळतात आणि तिथून गंगा म्हणतात. भागीरथीवर टिहरीचं धरण आहे, त्यामुळे ती बाजू बरीचशी माणसाच्या हातात. अलकनंदेवरही श्रीनगरचा वीजप्रकल्प आहे, पण टिहरीसारखा अवाढव्य साठा नाही, म्हणून ती बाजू बर्फ आणि पावसाच्या मर्जीने चढते-उतरते. एप्रिलमध्ये पाणी तसं कमी, निळं-हिरवं आणि बर्फासारखं गार. मेमध्ये बर्फ वितळायला वेग येतो, पाणी चढत जातं, रंग मातकट होऊ लागतो. जूनच्या उत्तरार्धात पावसाची भर पडते. जुलै-ऑगस्ट राफ्टिंग साधारण बंदच असतं. म्हणून ऋषिकेश ठरवलंत तर मेचा पहिला पंधरवडा घ्या. लाटांना जोर आलेला असतो, पण नदी अजून ऐकण्यातली असते. मेच्या शेवटी जायला हरकत नाही, पण मग टप्पा छोटा घ्या.

टप्पे तिथे गावांच्या नावाने ओळखतात. ब्रह्मपुरीपासून सुमारे ९ किलोमीटर, शिवपुरीपासून १६, मरीन ड्राइव्हपासून २५ च्या आसपास, कौडियालापासून ३५ च्या आसपास. पाचात चौघांना पोहता येत नसेल तर ब्रह्मपुरी किंवा फार तर शिवपुरी. रोलर कोस्टर आणि गोल्फ कोर्स ही गाजलेली रॅपिड्स (पाणी उसळत, खळाळत जातं त्या जागा) शिवपुरीच्या टप्प्यात येतातच, तेवढ्याने हौस फिटते. कौडियालाच्या टप्प्यात 'वॉल' नावाचं रॅपिड आहे, ते नवख्यांसाठी नाही. कोणी 'काही होत नाही ओ, सगळेच जातात' म्हणालं तरी नाही.

रॅपिडला १ ते ६ अशी श्रेणी देतात, पण ती दगडावर कोरलेली नसते. तेच रॅपिड पाणी कमी असताना दगडांतून वाट काढत जायचं असतं, मध्यम पाण्यात मस्त लाटा देतं आणि पाणी फार चढलं की एकतर पार बुडून सपाट होतं, नाहीतर तिथे माणसाला खाली खेचून धरणारा भोवरा तयार होतो. जास्त पाणी म्हणजे जास्त मजा हा हिशोब एका मर्यादेपर्यंतच बरोबर. 'तिसऱ्या श्रेणीचं आहे' एवढं उत्तर पुरत नाही, 'आजच्या पाण्याला कसं आहे' असं विचारा.

हवामान बघायचं ते ऋषिकेशचं नाही. हवामान खात्याच्या साइटवर चमोली, रुद्रप्रयाग, उत्तरकाशी, टिहरी आणि पौडी हे जिल्हे बघा. पाणी तिथून येतं. मेमध्ये पश्चिमी चक्रावात (पश्चिमेकडून हिमालयावर येणारी पावसाची प्रणाली) आला की तिकडे दुपारनंतर गडगडाट, गारा, वादळी वारा असतो, आपल्या वळवासारखाच, पण डोंगराच्या चिंचोळ्या दरीत. यलो अलर्ट असेल तर सकाळची पहिली खेप घ्या, ऑरेंज असेल तर दिवस बदला. विजांसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप फोनमध्ये ठेवा, ते आपल्याकडे शेतातही उपयोगी पडतं. दुपारी दरीतून वर चढणारा वारा सुटतो, तो थेट राफ्टच्या तोंडावर येतो आणि संथ पाण्यात वल्हवून खांदे निखळतात. म्हणून कुठलीही जागा असो, सकाळच बरी.

पूरकाळात केंद्रीय जल आयोगाच्या साइटवर ऋषिकेशची पाणीपातळी दिसते. तिथे इशारा पातळी ३३९.५ मीटर आणि धोका पातळी ३४०.५ मीटर आहे. मेमध्ये नदी सहसा त्याच्या खालीच असते, तेव्हा आकड्यापेक्षा तो चढतोय की उतरतोय हे बघायचं. तिकडच्या बातम्यांत क्युसेकऐवजी क्युमेक (सेकंदाला घनमीटर) दिसलं तर ३५ ने गुणा, म्हणजे आपल्या सवयीचा आकडा मिळेल. काठावर उभं राहूनही हे कळतं. दगडावर पाण्याच्या वर ओला पट्टा दिसतोय तर नदी उतरतेय. पाणी थेट कोरड्या दगडाला भिडतंय, वर काड्या, पाला, फेस वाहत येतोय, रंग तासाभरात गढुळलाय, तर चढतेय. चढत्या नदीत, गाईड कितीही हसतमुख असला तरी, पोहता न येणाऱ्यांना घेऊन उतरू नका.

याच संदर्भात, काठावर फोटो काढायला पात्रात उतरणं राफ्टिंगपेक्षा धोक्याचं आहे. ८ जून २०१४ ला हिमाचलमध्ये थलौटजवळ बियासच्या पात्रात उतरलेले हैदराबादच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे २४ विद्यार्थी लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. राफ्टमध्ये अंगावर लाइफ जॅकेट तरी असतं. धरणाखालच्या कुठल्याही नदीत, आपल्या भीमेतसुद्धा, भोंगा ऐकू आला की आधी वर यायचं. कुलू-मनालीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण कोणीतरी सुचवेलच: बियास बर्फाच्या जवळची, मे-जूनमध्ये जोरदार आणि गारठवणारी. १५ जुलै ते १५ सप्टेंबर तिथे राफ्टिंग बंद असतं. पहिल्या खेपेला मी ती सुचवणार नाही.

तारखेचा हिशोब असा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं आणि दिल्लीला जाणारी कर्नाटक एक्स्प्रेस सुट्टीत बघता बघता भरते. हवामानाचा अंदाज मात्र भरवशाचा म्हणाल तर चार-पाच दिवसांचा. दोन महिने आधी अंदाज बघून काही ठरवता येत नाही, तेव्हा पंधरवडा ऋतू बघून ठरवा, नेमका दिवस तिथे पोचल्यावर अंदाज बघून आणि तास पाणी बघून. मेमध्ये चारधामची गर्दी असते, शनिवार-रविवारी ऋषिकेशच्या रस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात. मंगळवार-बुधवार धरा. कोकणासाठी आणखी एक: मेमध्ये अरबी समुद्रात वादळ उठू शकतं, २०२१ चं तौक्ते मेमधलंच. मान्सून केरळात साधारण १ जूनला आणि मुंबईत ११ जूनला पोचतो, तेव्हा कोलाड-दांडेली मेअखेरच्या आत उरका.

पोहता येत नाही म्हणून घाबरू नका, पण बुकिंग करणाऱ्याला आधी सांगा. सोबत बचावासाठी कयाक (एका माणसाची छोटी होडी) असते का, गाईडकडे फेकायची दोरी असते का, हे विचारा. दोन्हींना 'नाही' आलं तर फोन ठेवा. लाइफ जॅकेट घातल्यावर कोणाला तरी खांद्याला धरून वर ओढायला सांगा. कानापर्यंत आलं तर पट्टे आवळा. वल्ह्याची वरची मूठ कधीच सोडू नका, बहुतेक दात-ओठ त्या मुठीनेच फुटतात, आणि तेही शेजारच्याचे. पाण्यात पडलात तर पाठीवर झोपा, पाय पुढे आणि वर, आणि उथळ वाटलं तरी वाहत्या पाण्यात उभं राहायला जाऊ नका. पाय दगडांत अडकला की पाणी माणसाला पुढे पाडतं आणि गुडघाभर पाण्यातही डोकं वर काढता येत नाही. जीन्स नको, पटकन वाळणारे कपडे घाला. सोलापूरच्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांतून गेलेल्या माणसाला गंगेच्या पाण्याचा पहिला फटका श्वास अडकवतो, म्हणून सुरुवातीला संथ जागी गाईडच्या परवानगीने एकदा पाण्यात उतरून घ्या. चौदा वर्षांखालची मुलं असतील तर बहुतेक ठिकाणी घेत नाहीत, तेही आधी विचारा.

परतीचं तिकीट राफ्टिंगच्या दुसऱ्याच दिवशीचं काढू नका. मध्ये एक मोकळा दिवस ठेवा, म्हणजे पाणी चढलं किंवा वादळ आलं तर 'एवढ्या लांब आलोय' म्हणून उतरायची पाळी येणार नाही. पाचही जणांना तेवढी जास्तीची रजा मिळत नसेल तर यंदा दांडेली करा, ऋषिकेश पुढच्या वर्षी.